कोऱ्या रकान्यातलं जहाज

भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्याला मी आजवर चहा पाजून, वर त्याची टिंगल करून घरी धाडलंय. आता तुम्ही माझी केलीत तरी तक्रार नाही... पण आधी ऐका.

कोरेगावात आमचं छोटं वाचनालय आहे. तिथल्या पुस्तकांची कॉम्प्युटरवर नोंद मी एकट्यानं केली. नाव, लेखक, कपाट – बस्स. विषयाचा रकाना ‘सवडीनं भरू’ म्हणून सगळ्याच पुस्तकांचा कोरा ठेवला. सवड अजून यायचीय!

एका दुपारी उंब्रजचे हमीदचाचा आले. जुने शिंपी, माझ्या वडिलांचे दोस्त. दुसऱ्या दिवशी सांगलीला त्यांच्या हृदयाचं ऑपरेशन होतं. तरुणपणी कोरेगावात काम शिकताना त्यांनी इथलं एक पुस्तक अर्धं वाचलेलं. मग दुकान सुटलं, गाव सुटलं, शेवट राहिला. आता ना नाव आठवत होतं, ना लेखक.

“समुद्र हाय, जहाज हाय, लढाई न्हाई,” ते म्हणाले. “ते जहाज घरला पोचलं का, एवढंच बघायचंय गड्या. उद्याचं काय सांगावं.”

नाही कसं म्हणणार? मी नाटक केलं. या मशीनशी बोलायची एक भाषा असते चाचा, असं म्हणत ऐटीत टाइप केलं – विषय: समुद्र अँड जहाज नॉट लढाई. अँड म्हणजे दोन्ही हवंच, नॉट म्हणजे ते वगळ. रकानाच कोरा, त्यामुळे उत्तर शून्य येणार हे मला पक्कं ठाऊक. मग जरा हळहळायचं आणि चहा मागवायचा, असा बेत.

पडद्यावर एक पुस्तक आलं. कपाट सात, खालचा खण.

मी त्याचा विषयाचा रकाना उघडून पाहिला, तो कोराच होता. चाचा मात्र मशीनचं कौतुक करत कपाटाकडे निघालेसुद्धा. पुस्तक तिथंच होतं. नावात ना समुद्र, ना जहाज. त्यांनी उभ्याउभ्या शेवटची पानं वाचली, चष्मा पुसला.

“पोचलं रं.”

ते गेल्यावर तेच शब्द पुन्हा टाकले... शून्य. साताऱ्याच्या सॉफ्टवेअरवाल्याला फोन केला. कोऱ्या रकान्यातून काही सापडणं शक्यच नाही म्हणाला, आणि दुपारी झोप लागली होती का, तेही विचारलं.

चाचा आता ठणठणीत आहेत. आले की एखादं अर्धवट आठवणारं पुस्तक काढतात आणि म्हणतात, “इचार की तुझ्या मशीनला.” रकाना मी अजून भरलेला नाही, भरला तर उत्तरं रकान्यातूनच येतील, आणि त्या दिवशी उत्तर कुणी दिलं, हा प्रश्नच मिटेल. चाचा सांगतील ते शब्द टाइप करतो. शून्य आलं की हायसं वाटतं... आणि खरं सांगू, थोडा हिरमुसतोही.