रेडिओचा कौल

आमच्या घरी रेडिओ आला तो पावसाळ्याआधीच्या शेवटच्या लाँचनं. ह्यांनी मुंबईहून गोधडीत गुंडाळून पाठवला होता. सोबत निरोप होता, ‘बाळाला चांगलं चांगलं ऐकव. कानावर पडलं की बोलायला लागेल.’ महाराष्ट्र तेव्हा नवा नवा झाला होता आणि आई म्हणून मीही अजून नवीच होते. मुरुड आणि रेवदंडा यांच्यामधलं आमचं गाव. पुढे समुद्र, मागे डोंगर, वाटेत खाडी आणि खाडीवर पूल नाही. लाँच बंद झाली की नारळी पौर्णिमेपर्यंत माणसानं मुकाट्यानं घरात बसायचं.

मुकाट्यानं तर आमचं बाळही बसलं होतं. दोन वर्षांचं होऊन गेलं तरी एक शब्द बोलत नव्हतं. हसायचं, रडायचं, हवं ते बोटानं दाखवायचं, पण तोंडातून ‘आई’सुद्धा नाही.

ह्यांना मुंबईत खोली मिळाली होती. आम्हा दोघांना न्यायचं ठरलं, तेव्हा मामंजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, सांगितलं, “पोर बोलायला लागलं की न्या. मुकं पोर परमुलखात चुकलं तर कुणाचं म्हणून सांगेल?” यात खोट काढता येईना आणि त्याचाच मला जास्त राग यायचा. सासूबाई लग्नाआधीच गेलेल्या. घरात मामंजी, मी आणि बाळ. मी गेले तर मामंजींचा भात कोण शिजवणार, हा प्रश्न मात्र कुणी मोठ्यानं विचारला नाही.

तेव्हा बाळानं बोलणं ही माझी सुटका होती. ते बोललं की मी निघाले.

रेडिओ होता बॅटरीवरचा. गावात वीज नव्हती. बॅटरी विटेएवढी, आणि ती संपली तर लाँच सुरू होईपर्यंत नवी मिळायची नाही. अंगणातल्या दोन माडांच्या मध्ये एरियल म्हणून तांब्याच्या जाळीची पट्टी बांधली तेव्हा कुठे त्यातून आवाज निघाला. पेटी ठेवली मामंजींच्या खाटेजवळच्या फळीवर, आणि दिवसात काय काय लावायचं ते सुरुवातीलाच ठरलं. मामंजींच्या बातम्या, आणि बाकीचं बाळासाठी. ते मी निवडायचं.

आयुष्यात पहिल्यांदा मला काहीतरी निवडायला मिळालं होतं, तेव्हा मी अगदी सोवळ्यात निवडलं. बातम्यांत कुठे ना कुठे कुणी ना कुणी मरायचं, म्हणून बातम्या लागल्या की बाळाला उचलून मागच्या पडवीत न्यायची. कीर्तन चांगलं, पण त्यात राक्षस यायचा. गाणं लावावं तर गवयानं तान घेतली की बाळ भोकाड पसरायचं. बायकांच्या कार्यक्रमात एक बाई लोणचं कसं टिकवावं ते सांगायच्या. लोणचं मला त्यांच्याहून बरं जमत होतं. शेवटी उरला रविवारचा मुलांचा कार्यक्रम. त्यात शहरातली मुलं घासूनपुसून बोलायची, बडबडगीतं म्हणायची. हेच आपलं, असं मी ठरवलं.

रविवारी बाळाला न्हाऊमाखू घालून, काजळ लावून मी पेटीसमोर बसवायची. “ऐक हं, ऐक. ते बघ कसं म्हणतंय. म्हण बरं, म्हण!” बाळ खाटेखाली शिरायचं. मी पाय धरून ओढून काढायची. ते पुन्हा शिरायचं. मामंजी म्हणायचे, “घोड्याला पाण्यावर नेता येतं, पाजता येत नाही.” मला वाटायचं, पेटी उचलून विहिरीत टाकावी. बाहेर पाऊस, अंगणात चिखल, मला जायला जागा विहिरीपर्यंत, आणि आत हे न बोलणारं पोर. कधीकधी मी त्याच्याकडे बघून रडायची. पोटच्या पोराचा इतका राग यावा याची भीतीही वाटायची.

संध्याकाळी एक कोळीण यायची. वाळूच्या पुळणीलगतच्या कोळीवाड्यातली, माझ्याहून थोडी मोठी. होड्या झावळ्यांनी शाकारून किनाऱ्यावर ओढलेल्या, तरी तिचा जीव थाऱ्यावर नसायचा. “वयनी, लाव गो तुजा रेडू. आमचा धनी दर्याव जायाला टपलाय. पुनवेची वाट बी बगत न्हाय. वारा हाय का न्हाय तेवडं सांगू दे त्याला.”

मग मी बाळाच्या वाटणीतली दोन मिनिटं तिला द्यायची. रेडिओवर मच्छीमारांसाठी सूचना लागायची. कोळीण बाळाला मांडीवर घ्यायची आणि त्याच्या हातात भाजलेल्या सुक्या बोंबलाचा तुकडा द्यायची. तेवढा वेळ घरात कुणी हूं की चूं करत नसे. मामंजीही अडकित्ता थांबवायचे. ती श्वास रोखून ऐकायची, आणि तिच्या मांडीवर बोंबील चोखत बाळही. ते काय ऐकतंय याकडे माझं लक्षच नव्हतं. बाळाचा कार्यक्रम रविवारी होता ना!

नारळी पौर्णिमा जवळ आली. पहिल्या लाँचनं हे येणार होते. बाळ बोलत नसलं तरी न्यायचंच, असं ह्यांनी पत्रानं कळवलं, तेव्हा मामंजी म्हणाले, “मी कोण अडवणारा? देवीला कौल लावू.” आमच्याकडे कौलाशिवाय पान हलत नाही. देवीच्या अंगाला ओले तांदूळ चिकटवायचे आणि गाऱ्हाणं घालायचं. उजवीकडचा दाणा पडला तर होकार, डावीकडचा पडला तर नकार. मी मनात म्हटलं, देवी बाईमाणूस आहे, ती देईल उजवा. आणि ट्रंक भरायला घेतली.

कौलाच्या दिवशी संध्याकाळी मामंजी नारळ घेऊन देवळात निघाले. मी ट्रंकेत बाळाची झबली रचत होते. कोळीण ओटीवर बाळाला घेऊन बसली होती आणि रेडिओवर तिची सूचना नुकतीच संपली होती. मी खटका बंद केला. घर शांत झालं. आणि त्या शांततेत बाळानं तोंडातला बोंबील काढला आणि रेडिओवरच्या माणसासारख्या जड आवाजात म्हटलं, “शमुदात दाऊ नये.”

मी धावत जाऊन त्याला उचललं. “बोललं! माझं बाळ बोललं!” मी हसत होते, रडत होते, त्याचे मुके घेत होते. कोळीण टाळ्या पिटत होती. ते पुन्हा म्हणालं, “शमुदात दाऊ नये.”

मामंजी उंबऱ्यात थांबले होते. त्यांनी हातातला नारळ खाली ठेवला आणि पायातल्या वहाणा काढल्या.

“आता कौल कशाला लावायचा?” ते म्हणाले. “पोराच्या तोंडून देवीच बोलली.”

“अहो, ते रेडिओचं बोललं!” सासऱ्यांसमोर माझा आवाज त्याआधी कधी एवढा चढला नव्हता. “‘समुद्रात जाऊ नये’ म्हणून कोळ्यांना सांगतात ते!”

“दोन वर्षं गप्प होतं. आजच बोललं, या घटकेला बोललं, आणि बोललं ते हेच.”

“मग एस.टी.नं जातो आम्ही.”

“खाडी काय आभाळातनं ओलांडाल? खाडीचं पाणीही समुद्राचंच.”

कोळीण हळूच म्हणाली, “बाबा, सूचना तर आमाला व्हती.” तिच्याकडे कुणी बघितलं नाही.

पौर्णिमेनंतर हे आले. मला वाटलं, शिकलेला माणूस, मुंबईत राहणारा, हसून उडवून लावेल. ते हसले. बाळाकडून दहा वेळा म्हणवून घेतलं. मग रात्रीच्या जेवणाला मामंजींच्या शेजारी बसले आणि हात धुता धुता मला म्हणाले, “बाबांच्या मनात नाही तर कशाला? होळीला बघू.” मी ट्रंक रिकामी केली. झबली पुन्हा दोरीवर गेली.

परतायच्या दिवशी ह्यांना पोचवायला आम्ही बंदरावर गेलो. लाँच लांब उभी होती, तिथपर्यंत होडीनं जायचं. समुद्र चांगलाच उसळत होता. हे धोतर सावरत होडीत चढले आणि हात हलवायला लागले. बाळ माझ्या कडेवर होतं. त्यानं बापाकडे बोट केलं आणि सगळ्या बंदराला ऐकू जाईल असं ओरडलं, “शमुदात दाऊ नये! दाऊ नये!”

बंदरावरची माणसं हसली. होडीतले हे हसले. मामंजीसुद्धा हसले आणि म्हणाले, “पोर काय, काहीही बडबडतं.”

होडी सुटली.