आधी रंग की आधी बिऱ्हाड

काळजी सगळेच करतात. पण काळजी कशी करावी हे ज्याच्याकडून शिकून घ्यावं असा माणूस मी एकच पाहिला, आणि तो म्हणजे सेलूच्या शाळेतले आमचे गणिताचे सर. एरवी माणसं संकट आलं की घाबरतात. सरांचं उलट होतं. संकट दिसत नसलं की त्यांचा जीव जास्त खालीवर व्हायचा, कारण ते कुठून येणार आहे हेच मग कळत नाही, असं त्यांचं म्हणणं. किडकिडीत बांधा, निळीतून काढलेला पांढरा शर्ट आणि कपाळावर दोन आठ्या. त्यांतली एक कायमची आणि दुसरी त्या त्या दिवसाची. मनगटावर एक घड्याळ असे आणि खिशात दुसरं. खिशातलं कशाला, तर मनगटावरच्यावर लक्ष ठेवायला. दोघांत फरक पडला की खरं कोणतं हे पाहायला ते स्टेशनवर जात, आणि स्टेशनचं घड्याळ तिसरीच वेळ दाखवत असलं की तो सबंध दिवस त्यांना गोड लागत नसे.

एकदा आम्ही दोघं एस.टी.नं जिंतूरला एका लग्नाला निघालो होतो. ड्रायव्हरनं वाटेत एक जांभई दिली. सरांनी माझ्याकडे पाहिलं, मी खिडकीबाहेर पाहिलं. दुसऱ्या जांभईला त्यांनी माझा हात धरून मला देवगाव फाट्यावर उतरवलं. दोन तास आम्ही उन्हात धूळ खात उभे. पुढच्या गाडीचा ड्रायव्हर मात्र टक्क जागा होता. इतका की कंडक्टरशी बोलण्याच्या नादात त्याचं तोंड सारखं मागंच. सर समोरचा दांडा धरून बसले होते. जिंतूर येईपर्यंत त्यांनी एवढंच म्हटलं, "सर, तो झोपाळू बरा होता." आम्ही दोघंही एकाच शाळेत मास्तर, त्यामुळे एकमेकांना सरच म्हणत असू. लग्न अर्थातच लागून गेलं होतं. जेवायला बसल्यावर वांग्याची भाजी कालची तर नसेल ना, एवढाच प्रश्न उरला.

पण ह्या माणसाची काळजी स्वतःपुरती नव्हती, म्हणून तिचा कंटाळा कधी आला नाही. माझ्या मुलीला टायफॉइड झाला तेव्हा सर शाळेत जाताना एकदा, मधल्या सुट्टीत एकदा आणि संध्याकाळी एकदा आमच्या दाराशी येऊन उभे राहत. आत या म्हटलं तरी चटकन येत नसत. दोनदा म्हणावं लागे. "ताप किती हाय?" म्हणून विचारत. उतरलाय म्हटलं तर "एवढा लवकर कसा उतरला?" म्हणून पुन्हा चिंतेत पडत. मुलगी अंथरुणातून उठली त्या दिवशी माझ्या बायकोनं त्यांना शिरा दिला, तर तो हातात धरून त्यांनी आधी विचारलं, "पोरीनं खाल्ला का?"

असे हे सर. त्यांनी दुष्काळ सरल्यानंतर स्टेशनपलीकडे घर बांधायला काढलं. दोन खोल्या, स्वयंपाकघर, पुढं ओसरी, वर पत्रे. पेडगावच्या शेतमजुराच्या पोटी जन्मलेला हा मुलगा बाबासाहेबांचं नाव घेत शिकला, मास्तर झाला. त्यांच्या सगळ्या भावकीत विटा-सिमेंटचं घर हे पहिलंच. गिलावा झाला, फरशी बसली, दारं लागली. वैशाखातल्या बुद्धपौर्णिमेला राहायला जायचं असं वहिनींनी, म्हणजे सरांच्या बायकोनं, ठरवून टाकलं. मुहूर्त त्यांच्यात पाहत नाहीत. त्याचंही सरांना टेन्शन होतं. "मुहूर्त बघणाऱ्यांचं बरं असतं," ते मला म्हणाले, "काही बिघडलं तर मुहूर्तावर ढकलता येतं. आमाला कोणावर ढकलावं?"

आणि अशात त्या घराला रंग कधी द्यायचा, हा प्रश्न निघाला. आधी रंग द्यावा आणि मग बिऱ्हाड न्यावं, की आधी बिऱ्हाड न्यावं आणि मग रंग द्यावा? दुसरा कोणी असता तर एका चहात हा प्रश्न संपला असता. सरांनी तो महिनाभर पुरवला. आधी रंग द्यावा तर गिलावा अजून ओला. वर रंग चढला की पोपडे धरणार. शिवाय सामान आत नेताना कपाटाचा कोपरा लागणार, पेटी घासणार, नव्या भिंतीवर ओरखडे येणार. मागून द्यावा तर भांड्याकुंड्यांवर चुना उडणार, पुस्तकांवर ठिपके पडणार. त्यांनी हेडमास्तरांना विचारलं. ते म्हणाले, आधी. शिपायाला विचारलं. तो म्हणाला, मागून. झालं, शिक्षकांच्या खोलीत दोन तट पडले. भूगोलाच्या बाई आधीच्या बाजूच्या, इंग्रजीचे सर मागूनच्या, आणि पी.टी.च्या सरांचं मत असं की रंग द्यायचाच कशाला, सिमेंट काय वाईट दिसतं? ह्या तिसऱ्या मतानं सर दोन दिवस नीट जेवले नाहीत. हा विचार आपल्याला आधी का सुचला नाही, याचं त्यांना वाईट वाटलं.

त्याच आठवड्यात त्यांनी नववीच्या वर्गाला चार भिंतींच्या क्षेत्रफळाचं गणित घातलं. खोली अमुक लांब, तमुक रुंद, एक दार, दोन खिडक्या. रंग लावायची जागा किती? गणित पुस्तकातलं नाही हे वर्गाला लगेच कळलं. उत्तरं निरनिराळी आली, म्हणून सरांनी पुन्हा टेप लावून आपलंच घर मोजलं, आणि मग मोजताना टेप सैल तर सुटला नव्हता ना, ही नवी काळजी घेऊन माझ्याकडे आले.

रंगाऱ्याला तर त्यांनी किती वेळा बोलावून परत पाठवलं त्याला सुमार नाही. रंगारी म्हणजे आमच्या गावातले चाचा. गावातली अर्धी घरं त्यांच्या कुंच्याखालून गेलेली. सरांनी त्यांना चुना, डिस्टेंपर आणि ऑईलपेंट ह्या तिन्हींची माहिती दोन-दोनदा सांगायला लावली. शेवटी थोडी नीळ घातलेला चुना असं ठरलं, तर नीळ किती यावर अडलं. कमी पडली तर घर पांढरंफटक दिसेल, जास्त पडली तर निळं दिसेल आणि लांबून ओळखू येईल. वहिनी तिथंच फरशी झाडत होत्या. मान वर न करता त्या म्हणाल्या, "ओळखू आलं तर येऊ द्या की." चाचा हसले, कुंचा खांद्यावर टाकला आणि म्हणाले, "मास्टरसाब, पहले तय करो, फिर मेरेकू बुलाव." आणि सायकलीवर बसून निघून गेले.

पौर्णिमा जवळ आली होती. जुन्या घरमालकाला खोल्या हव्या होत्या. मीही जरा वैतागलो होतो. त्या रिकाम्या घरात, उलट्या घमेल्यावर बसून मी सरांना म्हणालो की तुम्ही ह्या गावात तीन बिऱ्हाडं बदललीत, तेव्हा कधी रंगाचा एवढा घोळ घातला नाहीत. आताच काय झालं? सहज बोलून गेलो. सर खिडकीशी उभे होते. बराच वेळ ते गज हलवून पाहत राहिले. गज पक्का होता.

"त्या घरांना रंग द्यायचे, सर," ते म्हणाले. "आमी गेल्यावर."

मला काही कळलं नाही. मग त्यांनी हळूहळू सांगितलं. पहिलं बिऱ्हाड सोडलं तेव्हा कपडे वाळत घालायची दोरी मागं राहिली होती. दुसऱ्या दिवशी ती आणायला गेले, तर अंगण धुणं चालू होतं आणि आत भिंतींना चुना लागत होता. मालक म्हणाले, नवीन भाडेकरू यायलेत, म्हणून. मालक बोलायला चांगले होते. दोरी त्यांनी काठीनं पुढं सरकवली. दुसऱ्या घरीही तेच झालं. तिसरं घर सोडायच्या आधी सरांनी स्वतःच दोन दिवस खपून सगळ्या भिंतींना चुना दिला, फरशी पुसली आणि मग किल्ली दिली. म्हणजे आता कोणाला काही करायला नको. आठ दिवसांनी त्या गल्लीतून जाताना पाहिलं, तर त्यांच्या चुन्यावर पुन्हा चुना चालला होता.

"नवीन चुन्याचा वास आला की मला वाटतं, आपण इथून निघालोत," सर म्हणाले. "आता हे घर माझं हाय. इथं कोणी राहिलेलंच न्हाई. मग पुसायचं कोणाला?"

मी कुणब्याचा मुलगा. ह्या गावात आलो तेव्हा पहिल्याच दिवशी तीन घरमालकांनी मला खोल्या दाखवल्या होत्या. झाडणं थांबवून वहिनी दारात उभ्या होत्या. त्यांना हे सगळं ठाऊक असणारच, पण नवऱ्यानं ते बाहेरच्या माणसाला सांगितलेलं त्या पहिल्यांदाच ऐकत असाव्यात. त्यांनी केरसुणी भिंतीला टेकवली. "मग जाऊ द्या रंग," त्या म्हणाल्या. "आधी राहू. आपण घरात असताना देऊ."

पौर्णिमेला बिऱ्हाड तशाच करड्या भिंतींच्या घरात गेलं. पेडगावहून सरांची आई आली. आमच्यासारख्या दोन-चार घरची माणसं होती. मेणबत्त्या लागल्या, वंदना झाली, खीर झाली. कपाटाचा कोपरा दाराला लागलाच. सरांनी तिथं बोट फिरवून पाहिलं आणि जन्मात प्रथमच त्यावर काही बोलले नाहीत. म्हातारीनं सगळ्या भिंतींवरून तळवा फिरवला, एक कोपरा हेरला आणि तिथं पाठ टेकून बसली. "सारवायचं काम न्हाई, लय बेस," म्हणाली. पुढं ती पेडगावला परत गेलीच नाही. तो कोपरा तिचा झाला.

पावसाळा संपला, भिंती खडखडीत वाळल्या, आणि दसऱ्याच्या, म्हणजे त्यांच्या धम्मचक्राच्या दिवसाच्या आधी चाचा पुन्हा सायकलीवरून आले. दारातूनच त्यांनी नेहमीसारखं सांगितलं, "मास्टरसाब, घर खाली करके देव, शामतक सफेदी मारके देतूं." घर खाली करा, हे ऐकल्यावर सरांचा चेहरा उतरला. ते खरोखरच उठून कपाटाकडे निघाले. वहिनींनी त्यांचा हात धरला नाही, आवाजही चढवला नाही. चाचांना त्या एवढंच म्हणाल्या, "खाली न्हाई करायचं. आमी आतच राहणार."

चाचांनी आयुष्यात असं रंगकाम केलं नसेल. सर खोलीच्या बरोबर मधे खाटेवर बसले, अंगावर चादर घेऊन सहामाहीचे पेपर तपासत. चाचा ज्या खोलीत जातील, त्या खोलीत खाट जाई. म्हातारीला तिच्या कोपऱ्यातून दोन हात पुढं सरकवलं, ती तिथं पाय पसरून बसली आणि चाचांना इथं राहिलं, तिथं राहिलं म्हणून दाखवू लागली. वहिनी चुलीशी. भाकरीवर चुन्याचे शिंतोडे उडाले, ते त्यांनी सुरीनं खरवडले. मी गेलो तेव्हा सरांच्या चष्म्याची एक काच पांढरी झाली होती आणि चुना डोळ्यात गेला तर काय करायचं, पाण्यानं धुवायचं की तुपानं, हे ते चाचांना विचारत होते. नीळ किती घातली होती कोण जाणे, पण घर चांगलंच निळसर दिसत होतं.

संध्याकाळी चाचा गेले. ओल्या चुन्याचा वास घरभर भरून राहिला होता. आम्ही चहा घेतला.

"सर, वास यायलाय का?" त्यांनी मला विचारलं.

"येतोय की."

त्यांनी चहाचा एक घोट घेतला. मग म्हणाले, "आणि आपण इथंच हाव."

पुढच्या जूनमध्ये माझी गंगाखेडला बदली झाली. सेलूला जाणं कमी होत गेलं. तीन-चार वर्षांनी सरांची आई वारल्याचं कळलं, तेव्हा भेटायला गेलो. घर तेच होतं, चुना ठिकठिकाणी विटला होता. दसरा तोंडावर होता आणि चाचांना निरोप गेला होता. सरांनी मला त्या कोपऱ्यापाशी नेलं. भिंतीवर, खाली बसलेल्या माणसाच्या डोक्याच्या उंचीला, तेलकट, काळसर, हातभर डाग पडला होता. म्हातारी रोज डोक्याला करडईचं तेल चोपडून तिथं टेकत असे.

"सगळं घर रंगवतो," सर म्हणाले. "एवढी जागा तशीच ठेवली तर बरं दिसंल का?"

मी म्हणालो, दिसेल.

ते मान हलवून आत गेले आणि वहिनींना चहा टाकायला सांगितला. तो प्रश्न त्यांनी माझ्यानंतर दुसऱ्या कोणाला विचारला नाही.