रिकामे फुगे

माझ्या पदवीवर गडचिरोलीच्या एका अभ्यासिकेचे उपकार आहेत. तिथे एक मुलगी माझ्या शेजारी बसायची. नाव मी कधी विचारलं नाही. ब्लेडने पेन्सिल छिलत ती आपली आणि आईची गोष्ट चित्रांत काढायची. आश्रमशाळेचं फाटक, आणि लेकीला सोडून मुकाट्याने परत जाणारी आई. प्रत्येक चित्रात आईच्या तोंडाजवळ संवादाचा फुगा असायचा, पण रिकामा.

"ती बोललीच नाई, तं मी मनानं काय लिहू?" ती म्हणायची.

एकदा आई धानोऱ्याहून दवाखान्याच्या कामासाठी आली आणि लेकीला भेटायला अभ्यासिकेत डोकावली. हिने वही पुढे केली.

"हे अंडे काऊन काढले माह्या तोंडापाशी?" आईने विचारलं.

"तू बोलशीन ते लिहासाठी. मले सोडून जाताना काऊन बोलली नाई तू?"

आईने फाटकाच्या चित्रावर बोट ठेवलं.

"बोलली असती, तं तुले वापस घेऊनच गेली असती."

हिने ते लिहायला घेतलं. फुगा लहान पडला, अर्धं वाक्य फाटकावर गेलं. मग मान वर न करता म्हणाली, "नेवाचं होतं ना, माय."