वाऱ्याची भिंत

थोरलीचा पत्र्यावर जुना राग होता. वडिलांची, अप्पांची, शेड पत्र्याची. शाळेतून डबा घेऊन गेलं की दाराशीच तोंड भाजायचं, आणि दार कायम लावलेलं. "थांब बाहेर!" आतून अप्पा ओरडायचे. वेल्डिंग करून लोखंडी गेट जोडत असायचे. एवढ्या उकाड्यात दार लावून बसणारा माणूस हट्टीच असणार, असं तिने ठरवून टाकलं होतं. आपल्याला आत घ्यायचं नाही म्हणून लावतात, हेही.

पुढे ती इमारतींचे नकाशे काढू लागली. बंगल्यांत तिचं मन रमलं नाही. सुतारांच्या, छापखान्यांच्या जागा काढायची; कमी सिमेंट, कमी वीज, जुनं सामान पुन्हा वापरायचं. नकाशेवाल्यांच्या बिरादरीत तिला 'मातीवाली' म्हणत. अप्पा गेल्यावर धाकट्या भावाने शेड नव्याने बांधायला तिच्या हवाली केली, तेव्हा तिने जीव ओतला. छत पेलणाऱ्या जुन्या लोखंडी कैच्या तशाच वर चढवल्या, भिंती माती दाबून केलेल्या, न भाजलेल्या विटांच्या केल्या, छताला गरम हवेसाठी फट ठेवली आणि वाऱ्याकडची भिंत भोकाभोकांची. रिकाम्या शेडमध्ये पहिल्यांदा उभी राहिली तेव्हा वारा थेट तोंडावर आला. तिला भरून आलं होतं.

आणि आज बघते तर साऱ्या भोकांवर पत्रे ठोकलेले. आत भट्टीसारखा उकाडा.

"हे काय रे?"

"ताई, तू चिडशील म्हणून फोन नाही केला."

"मग आता काय, शाबासकी देऊ?"

"भोकं उघडी असली की जोड पोकळ निघतायत गं. गेट परत यायला लागली. भोकं कायमची बुजवतो, मोठं थंड हवेचं मशीन बसवतो. माणूस येतोच आहे माप घ्यायला."

"वीज काय तुझ्या सासऱ्याच्या घरची आहे?"

"त्यांच्या घरची असती, तर आधी बिल आलं असतं."

ती हसली नाही. मशीन आलं की इमारत उरणार होती फक्त नकाशावर. "पत्रे काढ," ती म्हणाली, "आणि एक जोड मार माझ्यासमोर."

तिने काळ्या काचेचा मुखवटा धरला. धूर वर जातच नव्हता. आडवा पळत होता. वितळलेल्या लोखंडावर यंत्र जो गॅस सोडतं, जो त्याला हवेपासून सांभाळतो, तोही धुराबरोबर उडत असणार, म्हणून जोड पोकळ. वेल्डिंगचं टेबल बरोबर त्या भोकांसमोर होतं. नकाशा काढताना तिच्या डोळ्यांसमोर होती दाराशी तोंड भाजलेली एक पोरगी. तिच्यासाठी वारा आणला होता. टेबलाशी वाकलेला माणूस नकाशात नव्हताच.

म्हणजे अप्पा दार लावायचे ते यासाठी.

तिने मुखवटा खाली ठेवला. मग कामगारांना पत्रे उचलून टेबलाच्या उंचीच्या भोकांवरच धरायला लावले. जमिनीलगतची उघडी, डोक्यावरची उघडी. पुन्हा जोड मारला तेव्हा धूर क्षणभर घुटमळला, सरळ उठला आणि छताच्या फटीतून निघून गेला. धाकट्याने जोड घासला, कापून पाहिला. आत भोक नव्हतं.

"मधल्या ओळी विटांनी बुजव," ती म्हणाली. "चूक माझी आहे, विटा मी पाठवते."

"आणि मशीनवाला?"

"त्याला पाणी पाज आणि वाटेला लाव."

धाकट्याने दुसरा तुकडा लावला, मुखवटा खाली ओढला. दार सताड उघडं होतं.

"ताई, दार लाव गं."

तिने लावलं. आतून.