मध्यम दाबाने उठवल्याबद्दल तक्रार

तक्रारदार: मी स्वतः, अर्जलेखक, अंधेरी कोर्टासमोर. विरुद्ध पक्ष: विजेचा वायरमन, नाव विचारल्यास "कशाला, लग्न जमवताय?" असे म्हणतो. साक्षीदार: चहावाला.

सदर इसम विजेच्या धास्तीने प्रत्येक वस्तू आधी पालथ्या हाताने चाचपतो, मग तो चहाचा ग्लास का असेना. काल त्याने विजेच्या पेटीला टेकलेले माझे लोखंडी टेबल तसेच चाचपले आणि म्हणाला, "काका, उठा."

मी पेटीवरची पाटी दाखवली. "मध्यम दाब लिहिलंय. उच्च नाही."

"अडीचशे व्होल्टच्या वर, साडेसहाशेपर्यंत मीडियमच. इथे चारशेचाळीस आहेत. तुम्ही काय भाजीतलं तिखट समजलात?"

एवढे बोलून त्याने टाइपरायटरसकट टेबल उचलून मुतारीशेजारी नेऊन ठेवले. आता येणाऱ्या पक्षकारांना तो स्वतःच ओरडून सांगतो, "अर्जवाले काका तिकडे! नाक धरून जा!"

त्याचा हेतू शुद्ध असला तरी माझी अब्रू गेली आहे. सबब त्यास शिक्षा करू नये. मात्र चारशेचाळीस व्होल्टला उच्च दाब घोषित करून तसे लेखी कळवावे, म्हणजे मी नुसत्या मध्यम दाबापुढे हटलो, असे कोणी म्हणणार नाही.