पालखीच्या वाटेवरचं फाटक

आमच्या गावाचा कारभार गावात चालत नसे. तो घाटकोपरला, एका बालवाडीच्या खोलीत, दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी सकाळी दहा वाजता चालत असे. दहा म्हणजे साडेअकरा. अकरा कारभारी, सगळे पुरुष, वीतभर उंचीच्या बाकड्यांवर गुडघे छातीशी घेऊन बसायचे आणि अ अननसाच्या तक्त्याखाली गावाचं भवितव्य ठरवायचे. याला ग्रामस्थ मंडळ म्हणत. गावात राहणारा एकही ग्रामस्थ त्यात नव्हता आणि त्याचं कुणाला काही वाटतही नसे. उंटावरून शेळ्या हाकणं हा आम्हा कोकणातल्या लोकांचा मुंबईतला आवडता उद्योग, आणि गिरण्यांच्या संपानंतरच्या त्या वर्षांत त्यासाठी वेळही भरपूर होता.

अध्यक्ष मुलुंडला राहायचे. ते गिरणीत जॉबर, म्हणजे कामगारांवरचे मुकादम होते. संपात नोकरी गेली, आवाज तेवढा जॉबरचा राहिला. उपाध्यक्ष बोरिवलीहून यायचे आणि अध्यक्ष म्हणतील त्याला अनुमोदन द्यायचे. याखेरीज ते कधी काही बोलल्याचं मला आठवत नाही. चिटणीस मी. साकीनाक्याच्या एका वर्कशॉपमध्ये मी ड्राफ्ट्समन होतो, अक्षर बरं होतं, आणि अक्षरावरच माझी निवड झाली होती. अक्कल पाहून निवडायचं ठरलं असतं तर अकराही जागा रिकाम्या राहिल्या असत्या. माझी धरून.

मी सोडून बाकीचे सगळे कारभारी मुंबईतच जन्मले-वाढलेले. ते गावी जायचे वर्षातून दोनदा, गणपतीला आणि शिमग्याला. गेले की ओटीवर बसून पंखा नाही म्हणून कुरकुरायचे, नवे शर्ट घालून पालखीच्या मागून चालायचे, आणि तिसऱ्या दिवशी एसटी पकडायचे. त्यांच्या जमिनी कसायचे ते मागे राहिलेले लोक. आमची जमीन माझा काका कसायचा. आई मला आठवत नाही. वडील इकडे गिरणीत, म्हणून बारा वर्षांचा होईपर्यंत मी काका-काकीकडेच वाढलो. त्यांना मूल नव्हतं. ते मलाच मूल समजत, आणि मी मुंबईला निघालो तेव्हा काका दोन दिवस जेवला नाही असं काकी सांगायची.

मग आमच्याकडे रेल्वे आली. एकेरी लाइन, डिझेलच्या गाड्या, दिवसातून मोजून काही फेऱ्या. पण ती टाकली नेमकी गाव आणि शेतं यांच्या मधून. डोंगराच्या कुशीला गाव, खाडीच्या अंगाला शेतं, आणि मध्ये दगडखडीचा पुरुषभर उंच बांध. रूळ ओलांडायला एक जागा द्यायची होती. दोन्ही बाजूंना उतार आणि रुळांच्या मध्ये पक्क्या फरश्या, म्हणजे गुरांचे पाय अडकणार नाहीत. लोक त्यालाच फाटक म्हणायला लागले. जागा एकच मिळणार, ती कुठे हवी ते नकाशावर दाखवा, असा कागद ग्रामपंचायतीत आला. सरपंच अध्यक्षांच्या कृपेनं सरपंच झालेला. त्याला शिंकायचं तरी मुंबईला विचारावं लागे. त्यानं तो कागद पाकिटात घालून घाटकोपरला पाठवून दिला.

सभा तीन तास चालली. त्यातले अडीच तास चहा आणि मागच्या शिमग्यात पालखीला पहिला खांदा कुणी दिला यावर गेले. मग अध्यक्षांनी माझ्या हातातली पेन्सिल घेतली आणि देवळाजवळ फुली मारली. पालखी देवळातून निघते आणि तिथूनच पलीकडच्या वाडीत जाते, तेव्हा फाटक तिथेच हवं, देवाची वाट अडता कामा नये. सगळ्यांनी माना डोलावल्या. माझ्याखेरीजच्या त्या दहा जणांना गावातली ती एकच वाट माहीत होती, कारण ते तिच्यावरूनच चालायचे, वर्षातून एकदा, नवे शर्ट घालून. उरलेले तीनशे चौसष्ट दिवस गाव कुठून ये-जा करतं हा प्रश्न कुणाला पडला नाही.

गाव ये-जा करायचं ते पाणंदीतून. दोन बाजूंना निवडुंगाचं कुंपण आणि मध्ये बैलजोडी जाईल एवढी वाट. गावातून निघून थेट शेतात उतरणारी. देवळाकडून गेलं तर मैलभराचा वळसा, आणि पलीकडे चार महिने गुडघाभर चिखल. हे मला पक्कं ठाऊक होतं. बारा वर्षांचा होईपर्यंत रोज दुपारी काकाची भाकरी घेऊन मी त्या पाणंदीतूनच गेलो होतो. रेल्वे तिथे वळण घेते, गाडी अगदी जवळ येईपर्यंत दिसणार नाही, हे मला त्या कागदावरच्या रेघेवरूनही कळत होतं. रेघा वाचणं हाच माझा धंदा.

मी बोलायला तोंड उघडलं. तेवढ्यात अध्यक्षांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि सभेला सांगितलं की आता आपला ड्राफ्ट्समन साहेब असा नकाशा काढील की रेल्वेवाले बघत राहतील. मला आयुष्यात कुणी पहिल्यांदाच साहेब म्हणालं. वर्कशॉपमध्ये मालकापासून हमालापर्यंत सगळे मला 'ए ड्रॉइंग' म्हणून हाक मारायचे. मी तोंड मिटलं. लोक पदासाठी, घरासाठी मूग गिळतात; मी एका शब्दासाठी गिळले, आणि तोही मुलुंडच्या एका बेकार जॉबरच्या तोंडचा.

पुढचा आठवडाभर जेवणाच्या सुट्टीत मी तो नकाशा काढत होतो. काळ्या शाईत, ट्रेसिंग पेपरवर. उत्तर दिशेचा बाण, मोजपट्टी, देवळाचा कळस, कळसावर चिमुकलं निशाण, लहानपणी काकाच्या ओटीवर खडूनं काढायचो तसं. पाणंद दाखवलीच नाही. उगाच गोंधळ नको, असं अध्यक्षांचं म्हणणं होतं. नकाशा खरंच सुरेख झाला.

फाटक झालं. शिमग्याला अख्खं मंडळ गावी गेलं, नारळ फुटले, पालखी रुळांच्या मधोमध नाचवली, अध्यक्षांनी विकासावर भाषण केलं. काका गर्दीत मागे उभा होता. जाताना त्यानं माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि मुंबईत जेवणाचे हाल होतात काय, एवढंच विचारलं. लाइन सुरू झाल्यावरही लोक पाणंदीतूनच जात राहिले. डोक्यावर भारा असलेल्या बाईला मैलभर वळसा घाल म्हणून सांगायला कुठला अध्यक्ष तिथे उभा राहणार होता?

दुसऱ्या वर्षी, दिवाळी नुकती झाली होती, भातकापणी चालू होती, तेव्हा सकाळी आठच्या सुमाराला काका बैलजोडी घेऊन पाणंदीतून बांधावर चढला. एका बैलाचा पाय खडीत रुतून रुळाखाली अडकला. काकानं दुसरा बैल हाकून पलीकडे घालवला आणि तो अडकलेला पाय सोडवायला खाली वाकला. वळणावरून मालगाडी आली. शेतातल्या बायकांनी हाका मारल्या, ड्रायव्हरनं भोंगा वाजवला. काका आणि बैल दोघेही गेले. बैल टाकून पळाला असता तर वाचला असता, असं नंतर सगळे म्हणाले. ज्यांच्या सात पिढ्यांत बैल नव्हता त्यांनी हे जास्त ठासून सांगितलं.

चाळीखालच्या वाण्याच्या फोनवर निरोप आला. मी संध्याकाळी गावी पोचलो. अग्नी मीच दिला. दुसऱ्या दिवशी रेल्वेचा एक अधिकारी चौकशीला आला. सभ्य माणूस, हळू बोलणारा. त्यानं फाइल उघडून दाखवली. ग्रामस्थांनी मागितलेल्या जागी फाटक दिलेलं असताना मयतानं नसत्या जागी रूळ ओलांडला, सबब दोष मयताचा. आणि पुराव्यादाखल माझा नकाशा जोडला होता. उत्तर दिशेचा बाण, मोजपट्टी, कळसावरचं निशाण. मयताचा कोण, असं त्यानं मला विचारलं. पुतण्या, असं मी सांगितलं; नकाशाबद्दल त्यानं विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

पुढच्या दुसऱ्या रविवारी सभा होती. आदल्या दिवशी काकी एकटी एसटीनं मुंबईला आली आणि मला म्हणाली, उद्या मी सभेला येणार. मी म्हटलं, बाया येत नाहीत. ती म्हणाली, "मला कुठं बसायचं हाय? उभ्यानं सांगीन."

सभेत आधी दुखवट्याचा ठराव झाला. दोन मिनिटं सगळे उभे राहिले, त्यात उपाध्यक्षांनी दोनदा घड्याळ बघितलं. मग अध्यक्षांनी भाषण केलं. मंडळानं फाटक मिळवून दिलं होतं, आपल्या लोकांना शिस्त नाही, सुविधा देऊन काय उपयोग. काकी दाराशी उभी होती आणि हे ऐकत होती. अध्यक्षांना ती दिसत होती. त्यांनी आवाज थोडासुद्धा खाली आणला नाही.

भाषण संपल्यावर ती बोलली. रडली नाही, कुणाला दोषही दिला नाही. "फाटक पाणंदीवर आणा," ती म्हणाली. "निम्मं भात अजून शेतात हाय. मी रोज तिथनंच जाते, बाकीच्या बायापण जातात. दुसरी वाट नाय आम्हाला."

खोलीत चुळबुळ झाली. अध्यक्षांनी समजावणीचा सूर लावला. रेल्वे फाटक हलवील, नाही असं नाही. पण त्यासाठी आमचा नकाशा चुकला होता असं मंडळाला लिहून द्यावं लागेल. पन्नास वर्षांच्या मंडळानं असं कसं लिहून द्यायचं? शिवाय पालखीची वाट बदलली आणि देव कोपला तर जबाबदार कोण? मग, आपण किती न्यायी आहोत हे दिसावं म्हणून, त्यांनी सभेकडे पाहिलं.

"इथं बसलेल्यांपैकी कुणाला ती पाणंद माहीत आहे काय? असेल त्यानं हात वर करावा. आपण आत्ता पत्र लिहू."

एकही हात वर गेला नाही. दहा जणांना ती खरंच माहीत नव्हती. अकराव्याच्या हातात पेन होतं आणि तो मान खाली घालून लिहीत होता. काय लिहिलं तेही सांगतो, मला ते तोंडपाठ आहे: 'सदर पाणंदीची माहिती सभेतील कोणासही नसल्याने विषय तहकूब करण्यात आला.' अनुमोदन उपाध्यक्षांचं. त्यानंतर देवळाजवळच्या फाटकाशी काकाच्या नावाची संगमरवरी पाटी बसवायचा ठराव एकमतानं पास झाला, म्हणजे ज्या वाटेनं तो कधी गेला नाही त्या वाटेवर. पाटीवर खाली मंडळाच्या पदाधिकाऱ्यांची नावं घालायची का यावर वीस मिनिटं चर्चा झाली. नावं घालायची ठरली. तिसरं नाव माझं आहे.

त्या दहा जणांचा मला आजही तिटकारा आहे. पण ते अडाणी होते, गर्विष्ठ होते, एवढंच. त्यांना माहीत नव्हतं म्हणून त्यांनी हात वर केले नाहीत. माझ्यासारख्याला काय म्हणतात त्याला मराठीत शिव्या पुष्कळ आहेत, आणि सगळ्या मी स्वतःला देऊन पाहिल्या आहेत. त्यानं फाटक तसूभर हललं नाही. विषय अजून तहकूबच आहे, आणि काकी हातपाय चालत होते तोवर त्या वळणावरूनच भारे वाहत राहिली.

सभा संपल्यावर मी तिला कुर्ल्याच्या एसटी स्टँडवर सोडायला गेलो. गाडी लागली, तिला खिडकीची जागा मिळाली. मी खाली उभा होतो. तिनं पिशवी मांडीवर घेतली आणि मला जवळ बोलावलं.

"तुज्या काकानं बघितला व्हता तो नकाशा," ती म्हणाली. "सरपंचाकडं. देवळावरचं निशाण बघून बोलला, ह्ये आपल्याच पोराचं काम. मंग गाववाले उठले, मुंबईला जाऊन भांडायचं म्हणाले, फाटक चुकीचं मागितलंय. त्यानं कुणाला येऊ दिलं नाय."

का, असं मी विचारलं.

"पोराचं नाव खराब होईल बोलला. मुंबईत राहून पाणंद विसरला असंल, चार लोकांत त्याचा पाणउतारा नको. आपण बघून ओलांडू." तिनं खिडकीतून हात बाहेर काढून माझ्या हातावर ठेवला. "विसरलाच व्हतास ना रे?"

कंडक्टरनं घंटी मारली.

"हो काकी," मी म्हटलं. "विसरलो होतो."

तिनं मान हलवली आणि गाडी हलली तशी निर्धास्त होऊन मागे टेकून बसली.