मेलेल्या बापाचं घोरणं

“डॉक्टरबाई, मेलेला माणूस घोरते का?”

समोरचे गृहस्थ तावातावाने विचारत होते. मी चंद्रपुरात छातीच्या आजारांची डॉक्टर. मेलेल्यांच्या तक्रारी सहसा माझ्याकडे येत नाहीत. हे मधुकरराव, एका झाडीपट्टी नाटक कंपनीचे मालक. धान निघालं की आमच्याकडे गावोगाव रात्रभर नाटकं चालतात, त्यातली त्यांची एक कंपनी. शेजारच्या खुर्चीत पेंगत होते त्यांचे जुने नट, तुळशीरामभाऊ. नाटकात भाऊ दुसऱ्या अंकात मरत. मग मुलगा प्रेतापाशी बसून लांबलचक शोक करी. सावली तालुक्यातल्या एका गावात मुलाने टाहो फोडला आणि बाप घोरायला लागला. पब्लिक पोट धरून हसलं.

“आता पुन्हा असं झालं तं मी दुसरा बाप पाहीन,” मधुकरराव म्हणाले.

भाऊंचा चेहरा उतरला. “बाई, मले नाटकाबिगर काईच येत नाई. पण झोप अशी येते का समजतच नाई.”

तपासणीत निघाला स्लीप ॲप्निया. झोपेत घसा सैल पडतो, श्वासाची वाट बंद होते, मेंदू दचकून माणसाला जागं करतो, आणि पुन्हा तेच. झोप होते, विश्रांती होत नाही. उपाय असा की नाकावर मास्क लावून मशीनने हवा सोडायची. हवेच्या दाबाने घसा उघडा राहतो.

मशीन दोन प्रकारच्या. साधी मशीन ठरवून दिलेला एकच दाब देत राहते. ऑटो मशीन श्वास ओळखून दाब स्वतःच कमी-जास्त करते. मशीन विकणाऱ्या कंपनीचा एमआर ऑटोच्या प्रेमातच होता.

“मॅडम, इंटेलिजंट आहे. डॉक्टरलाही फार विचार करावा लागत नाही.”

हे ऐकून मला रागच आला. म्हटलं, दोन्ही ट्रायलवर ठेव.

आधी ऑटो दिली. आठवड्याने भाऊ लाल डोळ्यांनी हजर.

“बाई, हे तं मले झोपूच देत नाई. हवा वावधनासारखी, वादळावानी सुटते. कंपनीतल्या मंडळीनं मले खोलीबाहेर काढलं.”

मास्कच्या कडेने हवा गळत होती. मास्क बदलला, पट्टे आवळले, तरी तेच. एमआर म्हणाला, पेशंट कोऑपरेट करत नाही. मशीन कधी चुकत नसते, चुकतो तो पेशंट, हे त्यांना ट्रेनिंगमध्येच शिकवत असावेत. शेवटी मी भाऊंना विचारलं, नाटक संपल्यावर झोपेपर्यंत काय काय करता?

“नाटकातली चिकटवलेली दाढी काढतो. मंग गोंद निघावा म्हून तोंडाले खोबरेल तेल चोपडतो. मंग मास्क लावतो.”

“तेल धूत नाही?”

“पाहाटे थंड पाण्यानं? आवाज बसते ना, बाई.”

तेलकट गालावरून मास्क घसरायचा. हुशार ऑटोला वाटायचं घसाच बंद होतोय, म्हणून ती दाब वाढवायची. दाबाने फट वाढायची, की ही आणखी जोर लावायची. तोंड धुणाऱ्या माणसाला हीच मशीन छान चालली असती. खरं तर बहुतेकांना दोन्ही सारख्याच लागू पडतात, रोज वापरल्या तर. पण भाऊ काही तोंड धुणार नव्हते.

मी त्यांना एक रात्र हॉस्पिटलमध्ये झोपवून योग्य दाब ठरवला. तिथे सिस्टरने त्यांचं तोंड साबणाने घासून काढलं. आवाज बसला नाही, तरी त्यांचं मत बदललं नाही. मग साधी मशीन दिली. थोडी हवा गळायची, पण ती बापडी त्याचा काही अर्थ काढत नव्हती. भाऊ झोपू लागले. मधुकरराव खूश, कारण पैसे तेच भरणार होते आणि ती स्वस्त. भाऊ मात्र खट्टू.

“हिरोले पायजे असती तं ऑटोच देली असती मालकानं.”

पुढच्या महिन्यात मूल गावातला प्रयोग करून भाऊ आले, अगदी टवटवीत. मी विचारलं, “मेल्यावर झोप आली का?”

“कायची झोप. पुरा जागा होतो. पयल्यांदाच त्या पोट्ट्याचं रडणं आखरीपर्यंत आयकलं. लय बेकार रडते, बाई. मी याच्यासाठी मरून राह्यलो होतो काय इतके दिवस? पडल्यापडल्या मले हसू आलं. पोट हाललं, पब्लिकनं पाह्यलं.”

“आणि मालक?”

“त्यायनं मले झापलं. मंग दुसऱ्या दिवशीच्या प्रयोगाले तिकिटं विकणं सोडून ते स्वतः समोर बसले, पुरं आयकलं.”

हवेचा दाब आम्ही मोजूनमापून देतो. झोप पुरी झालेल्या माणसाला सगळं नीट ऐकू यायला लागतं, हे मात्र घरच्यांना आणि मालकाला आधी सांगून ठेवावं. त्या सीझनला मधुकररावांनी बाप तोच ठेवला आणि मुलगा बदलला.